मी न टाकलेला फॉल्ट

पहिल्या खेपेला मी नापास झाले ती बिघाड सापडले नाहीत म्हणून नव्हे. आठांपैकी सहा सापडले होते. पण ते दुरुस्त करता करता मी चांगल्या चालू असलेल्या गोष्टी बंद पाडल्या, आणि शेवटचा अर्धा तास स्वतःच करून ठेवलेला घोळ निस्तरण्यात घालवला. तो निस्तरला नाहीच.

परीक्षा कॉम्प्युटर नेटवर्कची होती, आणि प्रात्यक्षिक. पाठांतराचा काही उपयोग नाही. तुम्हाला एका टेबलाशी बसवतात. समोर वायरींनी जोडलेली यंत्रं असतात, कुणीतरी ती आधीच बिघडवून ठेवलेली असतात, आणि शेजारी तक्रारींचा कागद असतो. ‘दुसऱ्या मजल्यावरून प्रिंटर दिसत नाही.’ ‘या विभागाचं इंटरनेट बंद आहे.’ तक्रार खरी, कारण लपवलेलं. ठरलेल्या वेळात ते शोधून काढायचं, दुरुस्त करायचं आणि बाकी कशालाही धक्का लागू द्यायचा नाही. आठांतले सहा बरोबर आले की पास.

मला हे यायलाच हवं होतं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात मी अकरा वर्षं हेच करत होते. तिथं माझं नाव होतं ते झटपट काम करण्यासाठी. वॉर्डातून फोन आला की मी धावत सुटायची. ही वायर काढ, ती लाव, यंत्र बंद करून चालू कर, एखादं सेटिंग बदल, नाही जमलं तर दुसरं बदल. पाच मिनिटांत काम सुरू. नर्स म्हणायच्या, ‘मॅडमच्या हाताला गुण आहे.’ नेमकं काय बिघडलं होतं आणि कशानं सुरू झालं, हे मला पुष्कळदा माहीत नसायचं. कुणी विचारत नव्हतं, म्हणून मीही स्वतःला कधी विचारलं नाही. माझे हात स्वस्थ बसत नाहीत, सिग्नलला गाडी थांबली तरी मी ब्रेकच्या दांडीवर बोटं वाजवत असते. त्या स्वभावाचंच मी कौशल्य करून टाकलं होतं.

विभागात माझ्याबरोबर आणखी एक जण होते. अठ्ठेचाळीस वर्षांचे, माझ्याआधी चार वर्षं तिथं लागलेले. रुग्णालयात सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायचे. दादांचं सगळं माझ्या उलट. रुग्णालयातल्या एकूण एक वायरीवर त्यांच्या हातचं लेबल होतं, बारीक ठळक अक्षरातलं. कुठल्या खोलीतून आली, कुठं जाते, सगळं त्यावर. कपाटात त्यांनी काढलेले नकाशे होते, आणि एखादी वायर हलवली तर त्याच दिवशी नकाशा दुरुस्त होत असे. मी पाच मिनिटांत करायचे त्या कामाला ते पाऊण तास घेत, आणि मग वर्षभर तिकडे कुणाला फिरकावं लागत नसे. त्यांना माझा राग येत असणार. मला त्यांचा येत होताच. ‘मॅडम, आपण आलात म्हणजे आता मागून मला जायला हवं,’ असं ते इतक्या नम्रपणे म्हणत की भांडायलाही जागा मिळत नसे.

तेही माझ्याबरोबरच परीक्षेला बसले होते आणि माझ्याबरोबरच नापास झाले. पाच तक्रारी त्यांनी अगदी नेटक्या सोडवल्या, उरलेल्या तिनांपर्यंत पोचेतो वेळ संपला. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघांनी निकाल बघितला. शेवटी तेच म्हणाले, ‘तुम्ही फार पळता आणि मी फार थांबतो. एकमेकांना फॉल्ट टाकून सराव केला तर?’

असा सराव आमच्या धंद्यात जोडीनंच करतात. एकानं खोलीबाहेर जायचं. दुसऱ्यानं चालू नेटवर्कमध्ये बिघाड करून ठेवायचा, म्हणजे ‘फॉल्ट टाकायचा’. काय बिघडवलं ते एका चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, वेगळ्या कागदावर फक्त तक्रार लिहायची, आणि मग बाहेरच्याला हाक मारायची. यात एकच नियम असतो आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. जोडीदाराला जे येत नाही तेच टाकायचं. येणाऱ्या गोष्टी टाकून त्याचा वेळ घालवायचा नाही. दादांनी पहिल्याच दिवशी हे बोलून दाखवलं. ‘दयामाया करायची नाही हं, मॅडम. तिकडे कुणी करणार नाहीये.’

आमचं जमायचं ते त्यांच्या घरी, सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी येरवड्याहून सकाळी सहाला स्कूटर काढायची, साडेसहाला त्यांच्याकडे पोचायची, आणि आठ वाजता आम्ही दोघं आपापल्या गाडीनं ड्यूटीवर निघायचो. रविवारी जास्त वेळ मिळायचा. जेवणाच्या टेबलावर तीन जुने स्विच आणि दोन राउटर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायची यंत्रं, मांडलेली असत, भंगारात निघालेली. त्यांचे पंखे सुरू झाले की वहिनी आतून म्हणायच्या, ‘सुरू झाली का गिरणी?’ वहिनी शाळेत शिकवायच्या. चहाचे कप ठेवायला जागा शोधत त्या एकदा म्हणाल्या, ‘हे टेबल जेवायला घेतलं होतं. कुणाला आठवत असेल तर.’

पहिल्या दिवशी घरी गेल्यावर आईनं मला विचारलं होतं, ‘घरात कुठपर्यंत बसवलं?’ आईच्या पिढीला हा प्रश्न विचारावाच लागतो. विहारातल्या बायकाही तिला विचारणार होत्या. मी म्हटलं, ‘जेवणाच्या टेबलावर. आणि कप त्यांचाच होता, माझ्यासाठी वेगळा नव्हता.’  आई म्हणाली, ‘मग नीट शिक.’ आमच्या घरात मिळवती मी एकटी. आई ते कधी बोलून दाखवत नाही, पण तिचं सगळं बोलणं त्याच्याभोवती असतं.

बाहेर जायचं म्हणजे त्यांच्या गॅलरीत जायचं. तिथं उभं राहणं ही मला शिक्षाच वाटायची. समोरच्या इमारतीत अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षांची मुलंमुली साडेसहालाच पाठीवर सॅक घेऊन जिन्यात रांग लावून उभी. त्यांच्याकडे बघत मी या पायावरून त्या पायावर व्हायची. आतून एखादी वायर काढल्याचा टक् आवाज आला की वाटायचं, झालं, एकदाचं आत बोलवा. दादा मात्र आपली पाळी आली की गॅलरीत तुळशीची वाळलेली पानं खुडत शांत उभे राहायचे.

पहिल्या तीन आठवड्यांत मला त्यांची कच्ची जागा सापडली. दादा कागदावर विश्वास ठेवत.

झालं असं की मी दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, पण त्यांच्यावरची लेबलं आणि शेजारचा नकाशा जसेच्या तसे ठेवले. नकाशात लिहिलेलं, ही वायर अमुक स्विचला जाते. प्रत्यक्षात ती जात होती तमुकला. दादांनी नकाशा बघितला आणि कामाला लागले. सेटिंग्ज तपासली, यंत्रांचे पत्ते तपासले, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तास उलटून गेला. सगळं बरोबर होतं आणि काहीच चालत नव्हतं. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, ‘अहो, स्विचलाच विचारा ना, तुझ्या शेजारी कोण आहे म्हणून. एक कमांड दिली की तो सांगतो.’

‘पण इथं लिहिलंय ना कोण आहे ते.’

‘लिहिलंय ते चूक आहे.’

‘चूक?’ दादांनी लेबल उलटसुलट करून बघितलं. ‘हे माझ्या हातचं लेबल आहे.’

त्यांचे कान लाल झाले होते. दहा दिवसांनी एका रविवारी मी तोच फॉल्ट दुसरीकडे टाकला. या वेळी त्यांनी ऐंशी मिनिटं घेतली आणि तरी सापडला नाही. शेजारी कोण आहे हे विचारायची कमांड त्यांना पाठ होती, पण ती देण्याची गरज आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पंधरा वर्षं ज्या माणसानं प्रत्येक कागद खरा ठेवला, त्याच्या मनात कागदाविषयी शंका येणार तरी कुठून? त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. कप तसाच थंड झाला. वहिनींनी तो उचलताना एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत नेला.

आणि त्याच आठवड्यात मंगळवारी आम्हाला व्यवस्थापनानं बोलावून घेतलं. रुग्णालयाचं सगळं नेटवर्क एका बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. आमचा विभाग बंद. कंपनी जागेवर एकच माणूस ठेवणार, आणि तो ही परीक्षा पास झालेला हवा. मी विचारलं, ‘दोघंही पास झालो तर?’ समोरच्या बाई म्हणाल्या, ‘मग ज्यांची नोकरी जुनी त्यांना.’

म्हणजे दादांना. मी नुसती पास होऊन भागणार नव्हतं, हे मला त्या खुर्चीतून उठायच्या आत कळलं होतं. कळायला वेळ लागला असं म्हणायची सोय नाही.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, ‘उद्या साडेसहाला येताय ना?’

मी गेले. न जाऊन कसं चालेल, मला पास तर व्हायचंच होतं. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली आणि भूकही. स्कूटरवर, बंडगार्डनच्या पुलावर, लिफ्टची वाट बघताना, सगळीकडे एकच हिशेब डोक्यात. मी चौतीसची आहे, मला दुसरं काम मिळेल. ते अठ्ठेचाळीसचे आहेत, त्यांना कोण घेणार? मग लगेच दुसरी बाजू: त्यांच्या घरात वहिनींचा पगार आहे, माझ्या घरात कोण आहे? हे असं दिवसभर चालायचं आणि कुठंच टेकायचं नाही.

दादांनी मात्र माझ्यावरची पकड ढिली केली नाही, उलट आवळली. पुढच्याच रविवारी त्यांनी मला गॅलरीतून आत बोलावलं. कागदावर तक्रार होती, ‘प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डात पोचत नाहीत.’ पहिल्या मिनिटाला मला एका सेटिंगचा संशय आला. ते बदललं. नाही झालं. राउटर बंद करून चालू केला. पत्ता बदलला. वायर बदलली. ते आधीचं सेटिंग पुन्हा बदललं, बहुतेक. चाळीस मिनिटांनी टेबलावरचं एकही यंत्र दुसऱ्याशी बोलत नव्हतं, आणि माझ्या कपाळावर घाम होता.

‘काय काय बदललंत?’ दादांनी विचारलं.

मी सांगायला लागले. सहा आठवले. त्याहून जास्त होते हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मग त्यांनी साखरेच्या डब्याखालची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘काही नाही.’

‘मॅडम, आपण आत आलात तेव्हा सगळं व्यवस्थित चालू होतं,’ ते म्हणाले. ‘रिपोर्ट खरंच जात नाही का, हे एकदा पाठवून बघितलंत?’

नव्हतं बघितलं. मला इतका संताप आला की मी म्हटलं, ‘ही शुद्ध फसवणूक आहे. तक्रार खोटी कशी असेल?’ आतून वहिनी म्हणाल्या, ‘अगं, आमच्याकडे रोज चार येतात. पालकांच्या.’ मी हेल्मेट उचललं आणि जिना उतरले. खाली स्कूटर सुरू केली, टिळक रस्त्याला लागले, एक मोठा वळसा घेतला आणि परत त्याच जिन्यापाशी आले. कारण जायला दुसरी जागा नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं. मी गेल्या अकरा वर्षांत असं किती चालू नेटवर्क बिघडवून पुन्हा चालू केलं असेल आणि शाबासकी घेतली असेल, देव जाणे.

वर आले तेव्हा दादांनी सगळं पुन्हा जागेवर आणून ठेवलं होतं. म्हणाले, ‘पुन्हा एकदा. पण आता पहिली दहा मिनिटं हात पाठीमागे. नुसतं बघायचं आणि काय काय चालू आहे ते मला सांगायचं. बिघडलेलं नंतर. आणि काहीही बदलायच्या आधी या वहीत लिहायचं. चाललं नाही तर ते आधी होतं तसं करायचं, मगच पुढचं.’

ती दहा मिनिटं मला असह्य व्हायची. हात मागे एकमेकांत अडकवून उभी राहायची आणि बोटं दुखायला लागायची. दादा घड्याळ लावून बसत. पण दोन आठवड्यांत फरक पडायला लागला. एकदा ड्यूटीवर असताना एका वॉर्डातले सगळे कॉम्प्युटर एकदम अडकले. मी जाऊन हात मागे बांधून उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, बरं नाही का?’ मी स्विचकडे बघत होते. त्याचे सगळे दिवे एकाच वेगानं वेड्यासारखे लुकलुकत होते. आणि खाली एक वायर अशी होती जिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली. साफसफाई करताना कुणाला तरी एक टोक लोंबकळताना दिसलं असेल, आणि नीटनेटकेपणानं त्यांनी ते मोकळ्या भोकात लावून टाकलं. नेटवर्क आपलंच बोलणं ऐकून पुन्हा पुन्हा तेच बोलत सुटलं होतं. मी एक टोक काढलं, बस्स. पूर्वीची मी असते तर स्विच बंद करून चालू केला असता, दोन मिनिटं सगळं चाललं असतं आणि पुन्हा अडकलं असतं. काय झालं, कशानं झालं आणि कशानं गेलं, हे तिन्ही मला पहिल्यांदाच माहीत होतं. मी ते दादांना धावत जाऊन सांगितलं. ते इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

कारण मी त्यांच्यासाठी काय करत होते?

दादा रोज सकाळी गॅलरीत जायचे, मागे दार ओढून घ्यायचे. मी टेबलाशी एकटी. समोर वायरी, त्यांच्यावर त्यांच्या अक्षरातली लेबलं. दोन वायरींची अदलाबदल करायला मला दहा सेकंद लागली असती. माझा हात तिथं जायचा आणि परत यायचा. मग मी काहीतरी दुसरं टाकायची. चुकीचा पत्ता, बंद केलेलं पोर्ट, बदललेला पासवर्ड. वर्षानुवर्षं ते ज्यात तरबेज होते ते सगळं. मनाशी म्हणायची, माणूस दोनदा खचलाय, परीक्षा तोंडावर आलीय, आता आत्मविश्वास वाढायला हवा. हे मी इतक्या वेळा म्हटलं की खरंही वाटायला लागलं. पण त्यांनी थंड होऊ दिलेला चहा रविवारचा होता आणि बातमी मंगळवारची. दया यायची होती तर सोमवारी यायला हवी होती. सोमवारी सकाळी, मला चांगलं आठवतंय, मी तोच फॉल्ट तिसऱ्यांदा कुठं टाकायचा ते ठरवत होते.

दादांचा वेग वाढला. पन्नास मिनिटांवरून चाळीस, मग तीस. एक दिवस पंचवीस मिनिटांत संपवून ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही शिकवायला हवं होतं कुठंतरी.’ वहिनींनी त्या दिवशी उपमा केला होता. माझ्या ताटलीत वाढताना हळूच म्हणाल्या, ‘बऱ्याच दिवसांनी घरात कुणी गुणगुणतंय. तुझी कृपा.’ वहिनींचं सगळं बोलणं तिरकं असायचं, हे एवढंच सरळ होतं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं एकाच केंद्रावर होतो, मध्ये एक लाकडी आडोसा. मी पहिली दहा मिनिटं हात मागे घेऊन बसले. पर्यवेक्षकांनी येऊन विचारलं, काही अडचण आहे का. मग मी नकाशा उचलला. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘हा नकाशा अद्ययावत असेलच असे नाही.’

ती मी दोनदा वाचली. पाचव्या तक्रारीला मी पहिलं काम काय केलं तर स्विचला विचारलं, तुझ्या शेजारी कोण. त्यानं जे सांगितलं ते नकाशात नव्हतं. वायरींची अदलाबदल. मला तीन मिनिटं लागली. आडोशाच्या पलीकडून दादांच्या कीबोर्डचा संथ, समान आवाज येत होता. पुढचा तासभर मी माझं काम करत होते आणि कान तिकडे लावून बसले होते. तो आवाज बदलला नाही. घाई नाही, थांबणं नाही. ओळीमागून ओळ तपासत होते ते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘पाच नक्की झाले. पाचव्या तक्रारीत मात्र काहीतरी विचित्र होतं. त्याच्यामागे पुढच्या दोन अडकल्या.’ मी म्हटलं, ‘हो का?’ एवढंच.

निकाल आला. माझे सात, त्यांचे पाच. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. गच्चीवर जाऊन मी एकटीच हसले. आईनं बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि विचारलं, ‘आणि ते?’ मी नाही म्हटलं. आई म्हणाली, ‘अरेरे. त्यांना फोन केलास?’ मी केला नव्हता. त्यांचाच आला. ‘अभिनंदन, मॅडम. तुम्ही फार बदललात हं.’

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात दादांनी मला सगळं रुग्णालय फिरवून दाखवलं. प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक नकाशा हातात दिला. पुढे त्यांना कात्रजकडे एका दुकानात काम मिळालं, सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवायचं. उन्हातान्हात शिडीवर चढून. मला हे वहिनींकडून कळलं, आणि त्यानंतर बरेच दिवस मी दादांच्या फोनची धास्ती घेऊन वावरले. रोज त्यांच्या लेबलांमधून हात घालून काम करायचं आणि नजर त्या अक्षरांवरून उचलून घ्यायची.

चार महिन्यांनी फोन आला. ‘पुन्हा बसतोय परीक्षेला. रविवारी याल का फॉल्ट टाकायला? तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही.’

मी गेले. दादा काळवंडले होते. ते गॅलरीत गेले, दार ओढलं. मी त्या दोन वायरी काढल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या, लेबलं तशीच ठेवून. चिठ्ठीची घडी घातली आणि त्यांना हाक मारली. दादा आत आले, नकाशा घेतला, बसले. पाऊण तास झाला. मग त्यांनी नकाशा बाजूला ठेवला, जरा वेळ स्विचकडे बघत राहिले, आणि कमांड दिली. पडद्यावर शेजाऱ्याचं नाव आलं. ते एकदम ताठ झाले. ‘अरे! हेच होतं. परीक्षेत हेच होतं, मॅडम. पाचवं.’

‘मला माहितीय,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला हे जमत नाही, हेही माहीत होतं. दोनदा टाकून बघितलं होतं. नंतर ती नोकरीची बातमी आली आणि मी मुद्दाम टाकलं नाही. एकदाही.’

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असणार. दादा त्या दोन वायरी जागच्या जागी लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी लेबलं सरळ केली.

‘मला वाटलं,’ ते म्हणाले, ‘आता ते मला येतं, म्हणून तुम्ही टाकत नाही.’

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, रडले असते, भांडले तरी असते. तो नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.